सेंट जॅव्हलिनचा टी-शर्ट आणि नाफोचा 'फेला': घ्यावा का?

टोरांटोतल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. सेंट जॅव्हलिन हे युक्रेनच्या मदतीसाठी निघालेलं ऑनलाइन दुकान, आणि फेला म्हणजे युक्रेनसाठी देणगी दिली की मिळणारं कार्टून कुत्र्याचं चित्र. एक तर मी कपड्यावरच्या छपाईच्या धंद्यात आहे, आणि दुसरं म्हणजे अंगात बऱ्याचदा हाच टी-शर्ट असतो. दुकान खरं आहे का, माल कसा आहे, युक्रेनच्या नावानं घेतलेले पैसे तिकडं पोचतात का? एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

आधी दुकान. सेंट जॅव्हलिन हे ऑनलाइन दुकान टोरांटोतच जन्मलं. ख्रिश्चन बोरिस नावाच्या कॅनेडियन माणसानं ते काढलं. बोरिस आधी पत्रकार होता, युक्रेनमध्ये राहून त्यानं तिथल्या लढाईच्या बातम्या केल्या होत्या, पुढं शॉपिफाय या ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या कंपनीत नोकरी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा सीमेवर जमत होत्या, तेव्हा त्यानं एका चित्राचे स्टिकर विकायला काढले. थोडेफार पैसे जमले तर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, एवढाच बेत होता. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि ऑर्डरी आवरेनात. काही आठवड्यांत जमा रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढं गेली. ती 'हेल्प अस हेल्प' या कॅनडातल्या धर्मादाय संस्थेकडं दिली गेली.

चित्रात मेरीमाता आहे, हिरवट वस्त्रातली, डोक्यामागं तेजोवलय आणि हातात जॅव्हलिन. जॅव्हलिन म्हणजे खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. अमेरिका ते युक्रेनला २०१८ पासून देत होती. एकेका क्षेपणास्त्राची किंमत तेव्हा पावणेदोन लाख डॉलरच्या घरात होती. अशी हत्यारं परक्या देशाला द्यायची तर देणाऱ्या देशाच्या करदात्याच्या गळी ते उतरवावं लागतं, आणि हे काम एरवी मंत्री आणि सेनापती करतात. इथं ते एका स्टिकरनं केलं. लॅपटॉपच्या पाठीवर, गाडीच्या मागच्या काचेवर, कॉफीच्या मगावर ते चित्र दिसायला लागलं. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये, जिथं युक्रेनी वस्ती जुनी आहे, तिथं ते दिसणं साहजिकच होतं. पण माझ्या गिऱ्हाइकांत युक्रेनशी काडीचा संबंध नसलेली माणसंही 'जॅव्हलिन पाठवली पाहिजेत' असं बोलायला लागली, हे मी कानांनी ऐकलंय. दुकान काय विकतं हे समजायचं तर आधी हे लक्षात घ्या: ते कापड विकतं आणि त्याबरोबर एका युद्धात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हेही सांगतं.

आता माल. माझा जन्म इचलकरंजीचा. वडिलांचे माग होते, त्यामुळं कापड समोर आलं की आधी बोटं चालतात, मग डोळे. टी-शर्ट मी उलटा करून पाहिला. बाजूची शिलाई सरळ आहे, ओव्हरलॉकचे धागे लोंबत नाहीत. खांद्याला आतून टेप आहे, म्हणून धुतल्यावर खांदा उतरत नाही. बाहीला आणि खालच्या घेराला दुहेरी सुईची टीप. गळ्याची रिब, म्हणजे ताणली जाणारी विणीची पट्टी, दाट. स्वस्तातल्या टी-शर्टची रिब थोड्याच दिवसांत सैल पडते, हिची पडलेली नाही. छपाईचा थर पातळ आहे, दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितला तरी तडा दिसत नाही. रंगाला रंग भिडतो तिथं पांढरी फट नाही, म्हणजे स्क्रीन (छपाईची जाळी) बसवणाऱ्यानं घाई केलेली नाही. किंमत साध्या टी-शर्टपेक्षा बरीच जास्त आहे, पण कापडाच्या आणि कामाच्या मानानं मला ती पटते.

लेबलावर 'युक्रेनमध्ये तयार केलेला' असं आहे. सुरुवातीनंतर दुकानानं कपड्यांचं काम तिथल्या शिलाई कारखान्यांकडं वळवलं. माझ्या लेखी या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ऑक्टोबर २०२२ पासून रशियानं युक्रेनची वीजकेंद्रं आणि सबस्टेशनं क्षेपणास्त्रांनी फोडायला सुरुवात केली. वीज गेल्यावर कारखान्याचं काय होतं ते मी भारनियमनाच्या काळात घरात पाहिलंय. माग मध्येच थांबला की चालू करताना कापडात आडवी पट्टी पडते आणि तेवढं कापड बाजूला काढावं लागतं. छपाईत त्याहून वाईट. ड्रायर थंड पडतो, ओला कपडा तसाच राहतो, आणि पाण्याच्या रंगाचं काम असेल तर रंग जाळीतच सुकतो. मग अख्खी स्क्रीन धुऊन पुन्हा बसवायची. जनरेटर लावून, सायरन वाजला की तळघरात जाऊन, परत येऊन ही सरळ टीप घालणाऱ्या बायकांना मजुरी मिळते, हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा खरं वाटतं. देणगी एकदा येते. कामावर माणूस रोज जातो.

पण ज्या चित्रावर दुकान उभं राहिलं, ते माझ्या अंगावर नाही. मी घेतलाय तो नुसत्या त्रिशूळाचा, युक्रेनच्या राजचिन्हाचा. मेरीचं चित्र मी घेणार नाही, आणि कारण सांगतो. मूळ चित्र अमेरिकन चित्रकार ख्रिस शॉ याचं, २०१२ चं. त्यात मेरीच्या हातात कलाश्निकोव्ह बंदूक होती. पुढं कुणीतरी बंदुकीच्या जागी जॅव्हलिन बसवलं. आपल्याला यात पटकन वावगं वाटत नाही, कारण आपल्या देवीच्या हातात आयुधं असतातच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात गदा आहे, ढाल आहे. पण मेरीच्या हातात मूल असतं. ते मूल काढून तिथं क्षेपणास्त्र ठेवलंय. श्रद्धाळू माणसाला ते कसं दिसत असेल याचा विचार केला की मला ते चित्र अंगावर मिरवता येत नाही. मे २०२२ मध्ये कीव्हमधल्या एका इमारतीवर हीच मेरी भिंतभर रंगवली गेली, तेव्हा युक्रेनच्याच चर्चांच्या आणि धर्मसंस्थांच्या परिषदेनं आक्षेप घेतला आणि नंतर डोक्यामागचं तेजोवलय रंगानं झाकलं गेलं. ज्यांच्यावर बाँब पडत होते त्यांनीच हा आक्षेप घेतला होता. मला तो बरोबर वाटतो. दुकानात इतर चित्रं भरपूर आहेत, त्यातलं घ्या.

आता दुसरी गोष्ट, जी विकत मिळत नाही पण पैसे दिल्याशिवायही मिळत नाही: नाफोचा फेला. मे २०२२ मध्ये कामिल डिशेव्स्की या पोलिश तरुणानं शिबा इनू जातीच्या कुत्र्याची चित्रं बनवायला सुरुवात केली. जॉर्जियन लीजनला देणगी द्या, पावती दाखवा, तुमच्यासाठी खास कुत्रा बनवून मिळेल. जॉर्जियन लीजन म्हणजे २०१४ पासून युक्रेनच्या बाजूनं लढणारी परदेशी स्वयंसेवकांची तुकडी, मामुका मामुलाश्विली यांनी उभी केलेली. या कुत्र्यांना 'फेला' म्हणतात आणि सगळ्या फेलांची मिळून झाली ती 'नॉर्थ अटलांटिक फेला ऑर्गनायझेशन', थोडक्यात नाफो. कार्यालय नाही, पगार नाही, वरिष्ठ नाहीत.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण सेवा म्हणून ती खरोखर उत्तम आहे. देणगी तुम्ही थेट त्या त्या खात्यात द्यायची, नाफोच्या हातात पैसा येतच नाही. पावतीचा स्क्रीनशॉट घेऊन मागणी टाकायची: कुत्र्याला कपडे कुठले, हातात काय, मागं काय. मग जगाच्या पाठीवरचा कुणीतरी स्वयंसेवक ते फुकट बनवून देतो. माझ्या कुत्र्याला मी कोल्हापुरी फेटा आणि हातात मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, मागितला. चित्र करणाऱ्यानं उलट विचारलं, फेट्याचा तुरा कुठल्या बाजूला आणि शेमला मागं किती लांब सोडायचा? मी भावाच्या लग्नातला फोटो पाठवला. आलेल्या चित्रात घड्या बरोबर होत्या, धोट्याच्या टोकाची लोखंडी टोपीसुद्धा होती. ज्या माणसानं आयुष्यात माग पाहिलेला नाही, त्यानं एका अनोळखी माणसासाठी एवढं लक्ष द्यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. थांबावं लागतं मात्र, मागण्या पुष्कळ असतात.

हा कुत्रा नुसता सजावटीचा नाही. जून २०२२ मध्ये व्हिएन्नातले रशियाचे राजदूत मिखाईल उल्यानोव ट्विटरवर हल्ल्याचं समर्थन करत होते. एका फेलानं त्यांना विचारलं की सामान्य लोकांवरचे तोफगोळे थांबवायला आणखी सामान्य लोकांवर तोफगोळे टाकायचे का. राजदूतांनी चिडून उत्तर दिलं की हा मूर्खपणा तुम्ही बोललात, मी नाही. ते उत्तर जगभर फिरलं. कार्टूनच्या कुत्र्याशी वाद घालताना राजदूत मोठा दिसत नाही, आणि खोट्या प्रचाराचा अर्धा जोर त्याच्या गंभीर चेहऱ्यात असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयानं नाफोचे जाहीर आभार मानले, आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनी काही काळ स्वतःच्या फोटोच्या जागी फेला लावला. रशियात सेंट पीटर्सबर्गला, पुतिनच्या जवळचा उद्योगपती प्रिगोझिन याच्या पैशावर चालणाऱ्या कारखान्यात माणसं पगार घेऊन खोट्या नावांनी मतं लिहायची. त्याच्यासमोर इकडं माणसं स्वतःच्या खिशातून पैसे घालून बोलत होती. दोन्हींना 'ऑनलाइन प्रचार' म्हणून एकाच तागडीत टाकणारे माझे मित्र आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण फेलांमध्ये एक खोड आहे आणि ती सांगायलाच हवी. ते झुंडीनं येतात. राजदूतावर तुटून पडणं वेगळं आणि 'वाटाघाटी कधी होणार' असं साधेपणानं विचारणाऱ्या शाळामास्तरावर तुटून पडणं वेगळं. दुसरा प्रकारही मी पाहिलाय. ड्रोननं खंदकातल्या माणसाला मारल्याचे व्हिडिओ गाणं लावून फिरवतात, तेही पाहिलंय. रशियन सैनिक चूक बाजूला उभा आहे, पण मरताना तो कुणाचा तरी मुलगा असतो. असल्या पोस्टवर माझ्या फेट्याचा कुत्रा तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही फेला घेतलात तर तुमचाही दिसू नये अशी माझी इच्छा आहे.

आता घरचा प्रश्न, कारण तो सुटत नाही. माझा भाचा खारकीव्हला मेडिकलला होता. हल्ला झाल्यावर हॉस्टेलच्या तळघरात मुलं दाटीनं बसून होती. १ मार्चला किराणा आणायला गेलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी तोफमाऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासानं सांगितलं, खारकीव्ह ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. भाचा थंडीत पाठीवर बॅग टाकून पिसोचिनला चालत गेला. ताई इचलकरंजीत फोन हातात धरून बसलेली. पुढं भारत सरकारच्या 'ऑपरेशन गंगा' मोहिमेतून तो घरी आला.

आणि त्याच आठवड्यात, त्याच घरात, दाजींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आम्ही पुतिनसोबत' असे संदेश फिरत होते. दाजींचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. १९७१ साली सोव्हिएत रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला, ती आठवण त्यांच्या पिढीला खरी आहे. भारतानं २ मार्चला संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहायचं ठरवलं, त्यालाही देशाची म्हणून कारणं होती. पण पुतिनच्या बाजूचा तो हॅशटॅग भारतात वर चढला तो सगळा आपल्या लोकांच्या मनातून आलेला नव्हता. ट्विटरनं तेव्हा तो ढकलणारी शंभरावर खाती संगनमताच्या बनावट वापरासाठी बंद केली. मी दाजींना एवढंच म्हणालो, "दाजी, संदेश पुढं पाठवण्याआधी एकदा पोराला विचारा, तोफा कुठल्या दिशेनं येत होत्या." दाजींनी भाच्याला बोलावून विचारलं. त्यानंतर त्यांनी तसे संदेश पाठवले नाहीत. रशियाबद्दलचं त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही.

पैशाचं सांगतो, कारण इथं लोक सर्वांत जास्त गोंधळतात. मदतीचे पैसे आणि हत्याराचे पैसे हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि स्टिकर दोन्हींवर सारखाच दिसतो. कॅनडात नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला परदेशी सैन्यासाठी पैसे देता येत नाहीत. म्हणून करसवलतीची पावती मिळाली तर समजा की पैसा औषधं, मुलं, निर्वासित यांच्याकडं गेला. जॉर्जियन लीजनला दिलेले पैसे लढणाऱ्या तुकडीला जातात, तिथं करसवलत नाही. 'कम बॅक अलाइव्ह' ही २०१४ पासूनची युक्रेनी संस्था सैनिकांसाठी साहित्य घेते, आणि हल्ल्याच्याच दिवशी पेट्रिऑननं तिचं खातं याच कारणानं बंद केलं होतं. ज्यांना सरकारी खात्यातच द्यायचंय त्यांच्यासाठी झेलेन्स्कींनी ५ मे २०२२ रोजी 'युनायटेड २४' सुरू केलं. तिथं संरक्षण, वैद्यकीय मदत आणि पुनर्बांधणी अशी खाती वेगळी निवडता येतात आणि हिशेब तपासायला डेलॉइट ही लेखापरीक्षण कंपनी नेमली होती. माझा सल्ला विचाराल तर तिथून सुरुवात करा.

आणि असे लोकांचे पैसे किती दूर जाऊ शकतात याचं उदाहरण लिथुआनियाचं. मे २०२२ मध्ये आंद्रियुस तापिनास या पत्रकारानं युक्रेनसाठी बायरक्तार ड्रोन घ्यायला वर्गणी मागितली. पन्नास लाख युरो हवे होते, ते साडेतीन दिवसांत जमले. एवढं पाहून तुर्कस्तानच्या बायकार कंपनीनं ड्रोन फुकटच दिला, आणि जमलेले पैसे दारूगोळा आणि मदतकार्याला गेले. पुढच्याच महिन्यात युक्रेनचे टीव्ही कलाकार सेर्ही प्रितुला यांच्या ड्रोनसाठीच्या वर्गणीचंही तसंच झालं. तिथं वाचलेल्या पैशातून आइसआय कंपनीच्या उपग्रहाची सेवा सैन्यासाठी घेतली गेली. तो पहिल्या वर्षाचा भर होता. आता तसा ओघ नाही, लोक थकलेत, बातम्या मागं पडल्यात. म्हणूनच जे दुकान कारखाना चालवतं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या छपाईच्या युनिटमध्ये घडी घालायच्या टेबलावर युक्रेनमधल्या चेर्निहीव्हहून आलेल्या एक बाई आहेत. कॅनडानं मार्च २०२२ मध्ये काढलेल्या तातडीच्या योजनेतून त्या मुलीला घेऊन आल्या. भाऊ आघाडीवर आहे. माझा टी-शर्ट त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शिलाई तपासली, माझ्यासारखीच, आणि मान डोलावली. फेला दाखवला तर हसल्या. मग म्हणाल्या, "कुत्रा चांगला आहे. पण टर्निके पाठवा." टर्निके म्हणजे हातापायातून रक्त वाहायला लागलं की वर आवळायचा पट्टा, दांडी पिळून घट्ट करायचा. स्वस्त नकला बाजारात खूप आहेत, आणि पिळताना दांडीच मोडते. भावाच्या तुकडीत असं झाल्याचं त्या सांगत होत्या. त्यांनी मला खरा पट्टा आणि नकली पट्टा शेजारी ठेवून दाखवला. नकलीच्या दांडीवर साच्याची शिवण उभी दिसते आणि टेप खेचली की वेल्क्रो कडेला सुटतं. तेव्हापासून कुणी टर्निके घेऊन देणार असेल तर मी त्यांच्याशी बोलणं करून देतो.

तर, त्रिशूळाचा टी-शर्ट घ्या, माल चोख आहे, आणि घेण्याआधी तो युक्रेनमध्ये शिवलाय का ते पाहा, कारण सगळ्याच वस्तू तिथल्या असतील असं धरून चालू नका. मेरीचा स्टिकर घेऊ नका असं मी म्हणेन. फेला जरूर मागवा, आणि मागणीत काही मराठमोळं सांगणार असाल तर स्वच्छ फोटो जोडा, ते लोक मन लावून करतात. देणगीचं बटण दाबण्याआधी खातं कुठलं निवडलंय ते वाचा. औषधाला द्यायचे की दारूगोळ्याला, हा निर्णय तुमचा आहे, टी-शर्ट विकणाऱ्याचा नव्हे. आणि टर्निकेसाठी पैसे देणार असाल तर खाली प्रतिक्रियेत मला लिहा, त्या बाईंना विचारून योग्य बनावटीचं नाव कळवतो.